मागची काच

आइंडहोवन, धनत्रयोदशी, २०२०

आज मी जिंकले! पुण्याहून रोजच्या व्हिडिओ कॉलवर सासूबाईंचं एकच टुमणं: "अगं, दिवाळी आली, त्या फिशटँकची मागची काच किती हिरवी झालीय! घरातच बसून आहात ना सगळे?" त्या शेवाळावरच माझ्या दोन समुद्री गोगलगायी जगतात, काच घासली की त्या उपाशी, हे कितीदा सांगितलं. पण सणाला घाण काच म्हणजे सुनेचा आळसच! काल तर आईची कटकट नको म्हणून नवऱ्याने घासणी हातात घेतली होती. मी ओरडलेच त्याच्यावर. जास्त बोलले का? बोलले. बरं झालं.

कारण आज सकाळी त्याच मागच्या काचेवर अंड्यांची पिवळसर फीत, चकलीसारखी गोल गोल. घरच्या टाकीत, मी मीठ मोजून मोजून कालवलेल्या पाण्यात!

कॉल लागताच फोन काचेजवळ धरला. सासूबाईंनी चष्मा लावला, बघतच राहिल्या. मग मामंजींना हाक, "अहो, लवकर या, हिच्या टाकीत बाळंतपण आहे!" आणि मला दटावून म्हणाल्या, "त्या काचेला हात लावशील तर बघ."