लोकनृत्य, ही आणि दंतवैद्य

४ मार्च, मंगळवार
आजपासून लोकनृत्य. वर्ग नवशिक्यांचा, म्हणजे मला जरा खाली उतरावं लागणार. पण २३ तारखेला हॉलमध्ये कार्यक्रम आहे आणि हिच्याबरोबर स्टेजवर नाचायचं हे माझं लग्नापासूनचं स्वप्न. हिला न विचारताच दोघांची नावं दिली. ही नुसतं बरं म्हणाली. आनंदाने शब्द फुटत नसणार. खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यालाही आग्रहाने नेलं. बिचारा एकटा असतो.

६ मार्च, गुरुवार
नाच गोलातला. जोडीने हात धरायचे आणि ठोका बदलला की पुरुषांनी पुढच्या बाईकडे सरकायचं. मी सरकलो नाही. स्वतःची बायको सोडून लोकांच्या बायकांचे हात कशाला धरायचे? मागे सगळा गोल तुंबला. शिकवणाऱ्या बाई ओरडल्या, हात सोडा. मी आणखी घट्ट धरला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

११ मार्च, मंगळवार
पुन्हा तुंबला. लोकांना ताल म्हणून नाही. दंतवैद्य माझ्या पाठीवर आदळला आणि बाईंनी सॉरी मला म्हणायला लावलं. घरी ही मनगटाला मलम चोळत बसली होती. विचारलं तर काही नाही म्हणाली. नाजूक आहे. हिच्याकडून रोज सराव करून घ्यायला हवा.

१३ मार्च, गुरुवार
प्रमोशन! बाईंनी मला गोलाच्या मधोमध उभं केलं. म्हणाल्या, अजिबात हलायचं नाही, सगळे तुमच्याभोवती फिरतील. शेवटी गुण दिसलेच. तिथून सगळं नीट दिसतं. ही दंतवैद्याचा हात धरून हसत होती, आणि तोही. माझी दाढ उपटताना तो एवढा खूश नव्हता.

१८ मार्च, मंगळवार
विश्वासघात! कार्यक्रमात ही दंतवैद्याबरोबर नाचणार. मी नाहीच. मधोमध फुलदाणी ठेवणार आहेत. ज्याला मी हाताला धरून वर्गात नेलं, त्यानेच गळा कापला. जिन्यात गाठून झापलं, तर म्हणतो, वहिनींनीच विचारलं. घरी हिला जाब विचारला. ही शांतपणे म्हणाली, नाचताना हात दुखत नाही हे मला आत्ताच कळलं. यात त्याचं काय कौतुक? दंतवैद्याचा हात हलका असायचाच, धंदाच तसा.

२० मार्च, गुरुवार
निश्चय. कार्यक्रमाला पाऊल टाकणार नाही. शिवाय कडक अबोला. संध्याकाळपर्यंत हिच्या लक्षात आला नाही. शेवटी मीच सांगितलं.

२३ मार्च, रविवार
गेलो. हॉल रिकामा दिसू नये म्हणून. गर्दी होती. दंतवैद्य दोनदा चुकला, मी मोजलं. ही एकदाही नाही. इतकी मोकळी हसते हे मला माहीतच नव्हतं. फार वाईट वाटलं. संपल्यावर मोठ्या मनाने विंगेत गेलो, हात पुढे केला. हिने झटकन आपला मागे घेतला. मग ओशाळली आणि माझ्या हातात पर्स दिली.
घरापर्यंत मीच धरली. फार घट्ट नाही.