पुतळ्याशी बोलायची परीक्षा

९ जून

तीर्थरूप बाबांना,
वाकून नमस्कार. फोनवर नमस्कार सांगितला की तुम्ही "हं" म्हणता आणि ठेवता, म्हणून या वेळी कागदावर.

मी मजेत आहे. खोली बरी आहे, पाणी वेळेवर येतं, जेवणाचे हाल नाहीत. नर्सिंगचं पदवीपत्र आलं. दुमडू नये म्हणून कपाटात कपड्यांखाली सपाट ठेवलंय. माझी रूममेट नोकरी लागून दुसऱ्या गावी गेली. तिच्या पलंगावर नुसती गुंडाळलेली गादी आहे. मी मुद्दाम माझे चार कपडे तिथे टाकून ठेवते, म्हणजे कुणीतरी राहतंय असं वाटतं.

शेजारच्या काकांनी फोन करून अभिनंदन केलं. तुम्ही त्यांना "पोरगी नर्स झाली" असं सांगितलंत म्हणे. एवढं मोठं वाक्य तुम्ही बोललात याचाच मला आनंद झाला. पण बाबा, मी अजून नर्स झालेले नाही. पदवी वेगळी आणि परवाना वेगळा. वायरमनचं लायसन हातात येईपर्यंत तुम्हाला कुणी मीटरला हात लावू देत नव्हतं, तसंच हे.

त्या परवान्याची परीक्षा मी दिली. लेखीत चांगले गुण मिळाले. प्रात्यक्षिकात नापास झाले. हुश्श, लिहिलं एकदाचं.

एका खोलीत पलंगावर पुतळा असतो, त्याला सलाईन लावायचं होतं. माझी सुई बिनचूक लागली. पण आमच्यात नियम असा, की काहीही करण्याआधी पुतळ्याला सांगायचं. "मी तुमची नर्स. आता हाताला थोडं टोचेल, चालेल ना?" जे सांगितलं नाही ते केलंच नाही असं धरतात. मी सगळं केलं आणि तोंडातून ब्र काढला नाही. परीक्षक बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे गं तुझा, पण तोंडाला कुलूप कुणी लावलंय?" मी मनात म्हटलं, खाण तशी माती. दुसऱ्या खोलीतही मी गप्पच राहिले, पण ते जाऊ दे.

येत्या आठवड्यात पुन्हा परीक्षा आहे. रोज संध्याकाळी उशीला पांघरूण घालते आणि तिच्याशी बोलत बसते. परवा शेजारणीने विचारलं, "पाहुणे आलेत का?" मी हो म्हटलं. तिने बिचारीने दोन कप चहा पाठवला. दोन्ही मीच प्यायले.

इथे फार एकटं वाटतं, बाबा. दिवस दिवस दुकानदाराशी "सुटे नाहीत" याच्यापलीकडे बोलणं होत नाही. या वेळी जमलं नाही तर सगळं सोडून घरी येईन म्हणते. येऊ ना?

तुमचीच,
तुमच्यासारखी


१८ जून

बाबा,
पास झाले!

पुतळ्याशी इतकी बोलले, की परीक्षक बाई म्हणाल्या, "पुरे आता, झोपू दे त्याला." लायसन पंधरवड्यात मिळेल, त्यानंतर इथल्याच दवाखान्यात, वॉर्डात कामाला लागेन.

आता दुसऱ्या खोलीबद्दल. तिथे पुतळा नसतो, नाटकात काम करणारा खरा माणूस असतो. त्याची बायको वॉर्डात वारली आहे असं समजायचं आणि ते त्याला सांगायचं. "आता त्या आपल्यात नाहीत" वगैरे आडून बोलायचं नाही, कारण घाबरलेला माणूस त्यातूनही आशा धरतो. मागच्या वेळी तो बाकावरून उठून माझ्याकडे बघू लागला आणि मला तुम्ही दिसलात.

मी सातवीत होते. तुम्ही दवाखान्यातून आलात ते आईला नेलेला डबा तसाच भरलेला घेऊन. "हातपाय धू, जेवून घे" म्हणालात. मी तो डबा खाल्ला. चव चांगली होती, हे अजून मला सहन होत नाही. सकाळी माणसं जमायला लागली तेव्हा मला कळलं. तेव्हापासून आपण दोघं "त्या वर्षी" म्हणतो, "त्यानंतर" म्हणतो. ते वाक्य आपल्या घरात कधी कुणी उच्चारलंच नाही. मी तुमच्यावर रागावले होते, बाबा, बरीच वर्षं. आता वाटतं, तुम्हाला तरी कुणी धड सांगितलं होतं का?

या वेळी मी खुर्ची ओढून त्या माणसासमोर बसले. म्हटलं, "काका, बातमी वाईट आहे. तुमची बायको वारली." तो रडला. नाटकातलं रडणं असेल, पण मी जागची हलले नाही. मग त्याने विचारलं, "शेवटी तिच्याजवळ कुणी होतं का?" मी म्हटलं, "हो, मी होते." परीक्षेत तसंच म्हणायचं असतं. बाहेर आले आणि जिन्यात बसून खूप रडले. हा प्रश्न मला इतक्या वर्षांत विचारता आला नव्हता.

बाबा, आपली आई वारली. शेवटी तिच्याजवळ तुम्ही होतात का? ती काही बोलली का?

सावकाश लिहा, पण लिहा.

तिची आणि तुमची,
मुलगी