दुसरा कप कुणाचा

तुझ्या आईनं लिहिलेलं पत्र मिळालं. तीन ओळी. मी बरी आहे, कामात आहे, काळजी नसावी. खाली सही तुझी, तीही तुझ्या आईच्याच अक्षरात. मी दुसरीपर्यंत शिकले असेन, पण पोटच्या पोरीचं अक्षर मला ओळखू येतं. कान पिरगाळून मीच ते तिला गिरवायला लावलंय. तुझ्या हाताला काय झालं? औषधाच्या दुकानात दिवसभर चिठ्ठ्या लिहितेस तेव्हा बोटं चालतात ना? चार महिने झाले. फोन केला की तुझी आई उचलते आणि तू आंघोळीला गेलेली असतेस. इतकी आंघोळ करू नये, विरघळशील.

प्रिय मुंगे,

झालं माझं भांडून. आता नीट बसून वाच. बसमध्ये वाचू नकोस, तुला मळमळतं. हे मी खालच्या शिंप्याच्या जुन्या मापाच्या वहीत लिहितेय. प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला कुणाची तरी छाती-कंबर आहे, तिकडं लक्ष देऊ नकोस. ती सगळी माणसं एकतर मेली किंवा जाड झाली. मला लिहायला वेळ लागतो. दोन ओळी झाल्या की बोटं आखडतात, मग मी कोमट पाण्यात हात घालून बसते. म्हणजे या पत्राला तीन दिवस आणि बरंच पाणी लागलंय एवढं लक्षात ठेव.

आपला चौक आता तुला ओळखू येणार नाही. शिंप्याच्या दुकानात एक पाववाली आलीय. पहाटेपासून असा वास सुटतो की तीन मजले चढून तो माझ्या उशीत शिरतो. बाई चांगली आहे, फक्त मला 'मावशी, तुम्ही किती गोड आहात' म्हणाली. मी म्हटलं, अगं, आधी चव तरी घेऊन बघ. बंद पडलेल्या बटणांच्या वखारीत लोक पुस्तकं घेऊन बसतात आणि कुणी कुणाशी बोलत नाही. समोर एका पोरानं फाटक्या विजारींचं दुकान काढलंय. फाटलेल्या विकत घेऊन नाही, नव्या घेऊन फाडतो. माझ्याकडून काजं करून घेतो आणि वर सांगतो, आजी, भोकं जरा नीट करा हं. चाळीस वर्षं या चौकातल्या सगळ्या शिंप्यांची काज-बटणं मी केली, आणि आता हा मला भोक शिकवतोय. दिवे लागतात, झाडं कुंड्यांतून आणून ठेवलीत, बाकं टाकलीत. बाकावर बसले की कुणीतरी फोटो काढतं. जुनी रहिवासी म्हणे. मी काय खांब आहे?

तरी एक सांगते. रस्त्यावर पोरं पुन्हा ओरडायला लागलीत, तेवढं बरं वाटतं. मोठी दुकानं गावाबाहेर गेली तेव्हा शिंपी गेले, शिंप्यांमागून काजवाल्या गेल्या, आणि या इमारतीत सतरा खोल्यांत आपण चारच बिऱ्हाडं उरलो. कुणाला इथं राहायचं नव्हतं, म्हणून तर आपल्याला परवडत होतं. तू लहान होतीस, तुला वाटायचं सगळं गावच असं रिकामं असतं.

दुरुस्तीनं मात्र जीव खाल्लाय. पुढची बाजू सोलून काढलीय, आम्हाला मागच्या अंगाला कोंबलंय. सकाळी आठला ठोकाठोकी सुरू होते. माझी भांडी मी तीनदा हलवली. चहात चुना, अंथरुणात चुना, केसांत तर आधीच होता. जिन्यात मी पहिल्या मजल्यावर एकदा, दुसऱ्यावर दोनदा बसते. दमले म्हणून नाही, बसायला जागा केलीय म्हणून. बरं, दमले म्हणून.

तुला आठवतं का, तुझं नाव मुंगी का पडलं? तुला घेऊन तुझी आई माझ्याकडं आली तेव्हा तू चार वर्षांची. त्या वेळी पाणीपट्टी डोक्यावर होती. जितकी माणसं खोलीत, तितका आकार. वर्षातून एकदा पाटी-पेन्सिल घेऊन एक माणूस डोकी मोजायला यायचा, आणि तो खालच्या दारात शिरला की शिंपी कात्रीनं टेबल वाजवायचा. तीनदा. मग सगळ्या इमारतीची पळापळ. पोरं गच्चीवर, म्हातारे संडासात, जास्तीचे जोडे पलंगाखाली, जास्तीची ताटं पिठाच्या डब्यात. आठ माणसांची खोली दोन मिनिटांत तीन माणसांची व्हायची. दुसऱ्या मजल्यावरची जाडी तर स्वतःच्या नवऱ्याला दरवर्षी पाहुणा म्हणून दाखवायची. मोजणारा म्हणायचा, हे पाहुणे बारा वर्षं झाली अजून गेले नाहीत का? आणि तू माझ्या कापडाच्या पेटीत बसायचीस. आवाज नाही, शिंक नाही. झाकण उघडलं की विचारायचीस, गेला? मग मी म्हणायचे, गेला गं, माझी मुंगी ती. तुझ्या आईचं दुसरं लग्न होऊन ती गावाबाहेर गेली, तू माझ्याकडंच राहिलीस, पण पेटीत मावेनाशी झालीस. पुढं इमारत रिकामी होत गेली, डोकी मोजणंच बंद झालं. शिंप्याची कात्री गंजली. हाताची सवय गंजत नाही, एवढंच मला सांगायचंय. ते कशासाठी, ते पुढं येईल. घाई करू नकोस.

तू गेलीस त्या दिवशीचं मी काही विसरले नाही. घरोघर माणसं मोजून झाली आणि यादी लागली होती खाली, दुरुस्तीनंतर कुणाला कुठली खोली त्याची. जे आज राहतात त्यांना याच इमारतीत, जुन्याच भाड्यात, कायमचं. दोन माणसं असतील तर चौकाकडच्या दोन खोल्या. एकटं असेल तर मागची एक. आणि यादीत नाव नाही त्यानं दुरुस्ती सुरू व्हायच्या आत बाहेर. माझ्या नावापुढं 'एक' लिहिलं होतं. तू ती यादी चारदा वाचलीस, बोट ठेवून, मी वाचते तशी. मग दुरुस्तीच्या कचेरीत गेलीस. आणि परत येऊन म्हणालीस, त्या मोजणीवाल्या बाईनं माझं नाव गाळलं, मुद्दाम गाळलं, मोठ्या खोल्या बाहेरच्यांना द्यायच्यात म्हणून. तक्रार लिहिलीस. भारी लिहिलीस, मला निम्मी कळली नाही. 'माझ्या आजीनं दोन माणसं स्पष्ट सांगितली होती' असं लिहिलंस आणि कागद माझ्यापुढं ठेवलास. मी सही केली. तुझं लक्ष नव्हतं, तू रडत होतीस. नाहीतर तुला दिसलं असतं, माझ्या सहीला इतका वेळ कधी लागत नाही.

त्या दिवसापासून तू तुझ्या आईकडं, आणि कामाला यायला दोन बस. दुकान माझ्या खिडकीतून दिसतं, सात मिनिटांची वाट, आणि तू दीड तास उभी राहून तिथं येतेस. संध्याकाळी तू दुकानाचं शटर ओढतेस ते मी इथून बघते. तू वर बघत नाहीस. बघू नकोस, ऊन डोळ्यांवर येतं.

आता काय झालं ते ऐक. मंगळवारी मी जिन्यात दुसऱ्या मजल्यावर बसले होते, दुसऱ्यांदा. खालून एक बाई आली आणि माझ्या खालच्या पायरीवर बसली. मी ओळखलंच नाही, हातात पाटी नव्हती ना. ती मोजणीवाली. तुझ्या तक्रारीवरून तिला कामावरून बाजूला केलंय, चौकशी लावलीय. मला वाटलं, आता ही माझ्या झिंज्या उपटणार. मी तोंड उघडून तयार होते. तुला माहीतच आहे, माझं तोंड कधी उपाशी नसतं. पण ती भांडली नाही. म्हणाली, आजी, मी तुम्हाला त्रास द्यायला आले नाही, एकच विचारायचंय. तुम्ही मला खरंच दोन सांगितलं होतं का? मला एक ऐकल्यासारखं आठवतंय. पण त्या दिवशी मी चाळीस घरं केली होती, माझंच चुकलं असेल. रोज तेच आठवते आणि आता माझा माझ्यावरच विश्वास राहिलेला नाही. असं म्हणाली आणि पायरीवरचा चुना बोटानं पुसत बसली.

मुंगे, तिनं बरोबर ऐकलं होतं.

तू सकाळी जाताना मला दोनदा बजावलं होतंस, मोजणीवाली येईल, माझं नाव सांग. मी ऐकलं होतं, बहिरी नाही. पण दार वाजलं, मी उघडलं, समोर पाटी आणि पेन्सिल. माझ्या पायानं तुझ्या चपला पलंगाखाली ढकलल्या. मी नाही ढकलल्या, पायानं ढकलल्या. हातानं तुझा दातांचा ब्रश उचलून खिशात घातला. तिनं विचारलं, किती माणसं? मी म्हटलं, एकटीच. तिनं टेबलाकडं बघून विचारलं, मग दुसरा कप कुणाचा? चांगली बाई, तिनं मला संधी दिली होती. मी म्हटलं, माझाच, सकाळचा एक, दुपारचा एक. ती हसली, मीही हसले. ती गेल्यावर मला वाटलं, म्हातारी झाले तरी अजून कुणाला हार जात नाही. पेटीचं झाकण उघडायला गेले. खरंच गेले गं. उघडून बघितलं आणि आत नुसती कापडं होती, तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय केलंय. जिन्यापर्यंत धावले. पायरीवर बसले. ती खालच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाची डोकी मोजत होती, आणि मला हाक मारता आली नाही. काय म्हणून मारू? खोटं बोलले म्हणून? जित्याची खोड. मग वाटलं, उद्या सांगू. मग यादी लागली, तू रडलीस, आणि उद्या निघून गेला. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका चव्हाट्यावर मांडल्या मी, माझी एक निघाली तर तोंड शिवून बसले. काज चुकीचं चिरलं की शिंपी कापड तोंडावर फेकायचा, आणि मी गिऱ्हाइकाला खुशाल सांगायचे की कापडच कच्चं होतं. तसंच केलं. कच्चं कापड म्हणून त्या बाईकडं बोट दाखवलं. तू बोलणं तोडलंस तेव्हाच वाटलं, तुला कळलं असावं.

जिन्यात तिला सगळं सांगितलं. वाटलं थुंकेल. ती म्हणाली, म्हणजे मी बरोबर ऐकलं होतं, आणि उठून माझा हात धरला. दोघी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबापुढं मी सगळं बोलले, चपला, ब्रश, कप, पाण्याच्या मोजणीचं, तुझ्या लहानपणचंसुद्धा. तो पेन खाली ठेवून ऐकत राहिला. म्हणाला, आजी, असं उत्तर या चौकात अजून सहा घरांनी दिलं असणार. मी म्हटलं, त्यांचं त्यांनी बघावं, मी कुणाची नावं सांगायला आले नाही. यादी या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत दुरुस्त होते. पण माझ्या एकटीच्या बोलण्यानं नाही. तू स्वतः यायचंस, इथंच राहत होतीस म्हणून लिहून द्यायचंस, दुकानाचा दाखला आणायचास, आणि त्या बाईवरची तक्रार तुझ्या हातानं मागं घ्यायचीस. ती तू आधी घ्यायचीस. नाव लागलं नाही तरी घ्यायचीस. खोली मिळाली तर चौकाकडची, पाववालीच्या अगदी वर. तुला माझ्याबरोबर राहायचं नसेल तर मला मागची एक पुरते, तू तुझं वेगळं लिहून मागून बघ. माझी गंमत अशी झालीय की त्या बाईला मी एकटीच म्हटलं तेव्हा ते धडधडीत खोटं होतं, आणि आता कुणी येऊन मोजलं तर तेच सांगावं लागेल. दोन कप अजून मांडते. हात ऐकत नाही.

आज चौदा तारीख. माफी मागायची मला सवय नाही, म्हणून ती इथं कुठं सापडली नाही तर पुन्हा पहिल्यापासून वाच.

तुझीच, खोटारडी,
आजी

उत्तर तू द्यायचंस. तुझ्या हातानं, तुझ्या अक्षरात, शिव्या असल्या तरी चालतील. तुझ्या आईनं पेनाला हात लावायचा नाही.