दुसरा डोळा

॥ श्री ॥
केडगाव, ता. ४ जानेवारी १९७१

ती. रंगनाथदादास, छबूचा शि. सा. दंडवत, वि. वि.

आज आईला नगरच्या दवाखान्यात दाखवलं. दोन्ही मोतीबिंदू पिकलेत. मला वाटलं, दोन्ही एकदमच काढतील. पण डॉक्टर म्हणतात, एका वेळी एकच. आता उजवा, तो नीट बरा झाला की तीन महिन्यांनी डावा. एकदम दोन्ही केले आणि काही बिघडलं तर माणूस दोन्हीकडून जातं. ऑपरेशननंतर दहा दिवस उताणं पडून राहायचं, आणि चष्मा मिळेपर्यंत दीड महिना तरी स्पष्ट दिसायचं नाही.

आई मात्र अडून बसली आहे. म्हणते, तुझे आबा अंथरुणाला खिळलेत आन् मी हितं पडून ऱ्हाऊ व्हय? त्यांना बरं वाटू दे, मग बघू. आंधळीला पाय तरी चेपता येत्यात. मला काही सुचत नाही. आबांना विचारून कळव. वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी, छबू

॥ श्री ॥
वांबोरी, ता. ६ जानेवारी १९७१

चि. सौ. छबूस अनेक आशीर्वाद.

पत्र आबांना वाचून दाखवलं. खोकला थांबल्यावर म्हणाले, त्या आंधळीला सांगा, इतकी वर्षं माझं तोंड नीट दिसलं न्हाई म्हनून तर नांदलीस. आता बघून घे आन् मग खुशाल पळून जा. हसता हसता त्यांना दम लागला.

मग मला जवळ बोलावून सांगितलं, मी बरा व्हायची वाट बघू नका, आत्ताच करा. छातीचं दुखणं हटत नाही, डॉक्टरही स्पष्ट बोलत नाहीत. छबू, तिनं एकदा आपल्याला डोळे भरून बघावं, एवढंच त्यांच्या मनात आहे. दीड महिना ते काढतील असं मला वाटतं. तू ऑपरेशन करून टाक. शेजारचा आसाराम दूध घेऊन रोज रेल्वेनं नगरला येतो, त्याच्या हाती निरोप धाडत जा. जावईबापूंना नमस्कार सांग, मुलांना पापे.

तुझा, रंगनाथदादा

॥ श्री ॥
नगर, ता. १५ जानेवारी १९७१

ती. दादास, छबूचा दंडवत.

सोमवारी ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या आहेत, डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. खोकायचं नाही, वाकायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही. टाके तुटले तर डोळा हातचा गेला.

काल संक्रांतीचं वाण आईला खाटेवरच दिलं. सकाळी तोंड पुसून झालं की माझ्याकडून कुंकू लावून घेते, त्याशिवाय चहाला हात लावत नाही. आसाराम आला की आधी विचारते, ते काय म्हनले? कालचा निरोप असा होता की डोळे बांधलेतच, तर आता तोंडही बांधून घ्या. आई गालातल्या गालात हसली. मी दटावलं, हसायलाही बंदी आहे म्हणून. आबांना म्हणावं, बायकोला जरा जपून छळा. लोभ आहे तो राहो.

तुझी, छबू

वांबोरी, ता. १७ जानेवारी १९७१

छबू,

वर श्री नाही हे बघूनच तू ओळखलं असशील. आबा काल दुपारी गेले.

तुझी वाट बघितली नाही. तू एकाएकी उठून आली असतीस तर आईला कळलंच असतं. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. त्यांनीच बजावलं, डोळा नीट होईस्तवर तिला सांगू नका, रडंल आन् सगळं फुकट जाईल. तेव्हा तू येऊ नकोस. तिच्यासमोर तोंडातून चकार शब्द काढू नकोस. हे पत्र आसारामच्याच हाती देतो, त्यालाही सांगून ठेवलंय. वाचून लगेच फाडून टाक.

रंगनाथ

नगर, ता. २३ जानेवारी १९७१

ती. दादास दंडवत.

आबा गेल्याचं कळल्यावरही दोन दिवस मी आईला कुंकू लावलं. बोट उठत नव्हतं. न लावावं तर तिला कळणार, लावावं तर काय करतेय मी हे! तिसऱ्या सकाळी तीच म्हणाली, आजपासून नको, पट्टीत सांडतंय. सुटल्यासारखं वाटलं मला. आबांचे निरोपही मीच रचून सांगत होते, की पोटभर जेव, जिवाला जप.

काल पट्टी सुटली, टाके चांगले आहेत म्हणाले. मग मी धीर करून तिला सांगितलं. ती म्हणाली, मला कवाच कळलं हुतं. त्या मानसानं जल्मात मला जिवाला जप म्हनलं न्हाई.

दादा, तिला ठाऊक होतं. त्यांनी करायला लावलेला डोळा वाया जाऊ नये म्हणून उताणी पडून, टिपूस न काढता तिनं ते दिवस काढले. डॉक्टर फेरीला आले तेव्हा तिनं एवढंच विचारलं, आता रडलं तर चालंल का? त्यांनी मान डोलावली. मग ती जी रडली, ते मला अजून ऐकू येतंय.

दहाव्याला आम्ही दोघी येतो.

छबू

॥ श्री ॥
वांबोरी, ता. १२ एप्रिल १९७१

चि. सौ. छबूस आशीर्वाद.

आईला चष्म्यातून चांगलं दिसतं. निवडणं-टिपणं करते, खड्यासाठी तुझ्या वहिनीला बोलते, म्हणजे डोळा चांगलाच झाला. पण घरात आबांचा एक फोटोदेखील नाही. कधी कुणाला सुचलंच नाही गं. माझ्याकडे बघून म्हणाली, तू किती पिकलास! आणि तोंड फिरवलं.

आता डाव्याची वेळ झाली. आसारामबरोबर तिला पाठवतो, तू डॉक्टरांना दाखव. आमच्या आठवणीत कसर नाही, तुझ्याही असू नये.

रंगनाथदादा

॥ श्री ॥
केडगाव, ता. २० एप्रिल १९७१

ती. दादास, छबूचा शि. सा. दंडवत.

आईला काल दाखवलं. उजवा उत्तम आहे. पण डाव्याला सारखं पाणी येतं, असं वाहत्या डोळ्याचं ऑपरेशन करता येत नाही म्हणाले. औषध लिहून दिलंय. पाणी थांबलं की घेऊन या, लगेच करू, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी काही विचारणार तोच आई उठली. पदर सारखा केला आणि त्यांना म्हणाली, मंग ऱ्हाऊ द्या डाक्टर. ज्याला बघायचं हुतं त्याच्यापायी येतंय ते पानी, त्ये काय थांबायचं न्हाई.

तिला चार दिवस ठेवून घेते. तुम्ही सगळे जपून राहा.

तुझी, छबू