शाळूचे मोड

४ एप्रिल २०२४
शाळूला छान मोड आले! धनाजी पुण्याला बीअर बनवणाऱ्यांकडे कामाला होता, आता इथे वडूजजवळ घरीच त्यांच्यासाठी शाळू तयार करतो. भिजवायचा, गोणपाटाखाली मोड आणायचे, उन्हात खडखडीत वाळवायचा, मोड चोळून काढायचे. दाणे पुण्याला जातात. लग्न झाल्यापासून नवऱ्याला इतकं खूश पाहिलं नव्हतं.
मामंजी मात्र फुगलेले. "खायाच्या जुंधळ्याची दारू करतुयास व्हय रं?" धनाजी हसतो — "आबा, तुमच्या आंबिलीचीच ही थोरली भन!"

९ एप्रिल, पाडवा
पुण्याहून बाटल्या आल्या. दोन महिन्यांपूर्वी पाठवलेल्या आमच्या शाळूची पहिली बीअर! एक घोट घेतला — कडू जहर! धनाजी म्हणाला, कडूपणा हॉप्सच्या फुलांचा, गोडी आपल्या शाळूची. मला काही गोडी सापडली नाही. तरी "लय भारी" म्हटलं.

१६ एप्रिल
चारा संपला. माळावर काडी नाही, मामंजींच्या मेंढ्या दिवसभर ओरडतात. चोळलेल्या मोडांची पोती शेडमध्ये पडून आहेत. विचारलं, हे घालू का मेंढ्यांना? मामंजी अंगावरच आले — "कवळा कोंब म्हंजी किराळ! इख आसतंय त्यात. मेंढरू पाय झाडून मरतंय!" साऱ्या माळावरचे मेंढके त्यांनाच विचारायला येतात, मी कशी वाद घालणार?
शेडला कडी घालायचं काम आता माझं.

२२ एप्रिल
धनाजी आणि मी वडूजहून परतलो तर शेडच्या दारात मेंढ्या आडव्या. पोटं फुगलेली, तोंडाला फेस. कडी निघालेली, पोतं रिकामं. मामंजी एका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन बसलेले. गुरांचे डॉक्टर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. दुधावरची कोकरं तेवढी उरली.
"कडी घातली न्हवतीस?" धनाजी ओरडला. घातली होती! "मग काय मेंढरांनी काढली?"

२३ एप्रिल
धनाजी दिवसभर एकटाच मेंढ्यांसाठी खड्डा खणत होता.

२६ एप्रिल
आता शाळू नाही म्हणून पुण्याला कळवलं त्याने. शेडला कुलूप. "आबांनी जन्मभर मेंढरं राखली आनि तू एका कडीपायी घालवलीस," एवढंच बोलला. मामंजी भाकरीला हात लावत नाहीत.
खरंच विसरले का मी? कडीवरचा माझा हात आठवतो — की तो आदल्या दिवशीचा? डोकं फुटायची वेळ आलीय.

३० एप्रिल
धनाजी बाहेर गेलेला. मामंजींनी हाक मारली. "कडी म्या काढली, पोरी. हिरव्या जुंधळ्यानं मरत्यात, पर त्योच वाळला की कडबा. कडब्यानं कवा मेंढरू मेलंय? मोड तर खडखडीत वाळलेलं. इख गेलं आसंल म्हणलं. डाक्टर म्हणला, मोडातलं वाळवून बी जात न्हाई. उपाशी बघवंना गं."
ढसाढसा रडले. मला राग आला, भयंकर आला — आठ दिवस हा माणूस गप्प बसला! आणि त्यांचे हात बघून लगेच कीवही आली.
"उद्या सांगतू धनाजीला," म्हणाले.

१ मे
मामंजी धनाजीसमोर बसले. ओठ हलले, शब्द फुटेना. मीच म्हटलं — आठवलं मला, कडी मीच विसरले होते.
मामंजींनी मान खाली घातली.