लायब्ररी लवकर बंद झाली

नोव्हाय, मिशिगन
१० फेब्रुवारी २००७

ती. आईंना,
उल्काचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. नेत्रा मजेत आहे. तुम्ही पाठवलेला फ्रॉक तिला आखूड होतो, पण खाली पॅन्ट घालून तोच घालते.

मागे फोनवर तुम्ही कौतुक केलंत, की सून काटकसरी आहे, घरात टीव्हीसुद्धा नाही. खरंच, इथल्या पब्लिक लायब्ररीत सगळं फुकट मिळतं. नेत्राची चित्रांची पुस्तकं, सिनेमे, कॉम्प्युटर, मुलांसाठी गोष्टींचा तास. माझं बघून इथल्या मराठी मंडळातल्या दोघी-तिघींनी केबल बंद केली. सुरुवातीला मलाही मजा वाटली.

मग शैलेंद्रने इंटरनेट कॅन्सल केलं. मग घरचा फोन. "लायब्ररीत आहे ना सगळं?" मग रिकाम्या घरात हीटर कशाला, म्हणून ऑफिसला जाताना तो आम्हा दोघींना लायब्ररीशी सोडायला लागला. ती उघडेपर्यंत आम्ही दारातल्या बाकावर बसायचो. संध्याकाळी तो न्यायला यायचा. घराची किल्ली एकच, त्याच्याकडे. दुसरी मागितली तर म्हणाला, "तुला कुठे जायचंय?"

तुमचा फोन त्याच्या मोबाइलवर येतो आणि तो समोर बसलेला असतो. म्हणून तुम्ही "बरी आहेस ना?" विचारलंत, की मी बरी असायचे.

मंगळवारी दुपारी बर्फाचं वादळ आलं. लायब्ररी लवकर बंद होणार असं जाहीर झालं. तिथली बार्बरा आम्हाला रोज बघते. तिने काउंटरवरून शैलेंद्रच्या ऑफिसात फोन लावून दिला.

"मीटिंग आहे. थांब तिथेच," तो म्हणाला.

"अरे, दार बंद करतायत."

"मग बाहेर थांब."

बार्बराला मराठी कळलं नाही, पण माझं तोंड बघून समजली असावी. सगळे गेले तरी ती कोट घालून आमच्याजवळ बसून राहिली.

तो आला तेव्हा अंधार पडला होता. "लोकांसमोर तमाशा करतेस?" म्हणत त्याने माझा दंड धरला. आई, तो दंड आधीच दुखत होता. कशाने, ते लिहवत नाही. मी ओरडले. नेत्रा माझ्यामागे लपली आणि म्हणाली, "बाबा, आय विल बी क्वाएट." तिला कोणी काही बोललंही नव्हतं.

बार्बरा मधे येऊन उभी राहिली. त्याच्याकडे न बघता तिने मला विचारलं, "डू यू वॉन्ट टू गो होम विथ हिम?"

लग्न झाल्यापासून मला काय हवंय हे असं कोणी विचारलं नव्हतं. माझा व्हिसा त्याच्या नोकरीवर, पासपोर्ट त्याच्या कपाटात. मी "नो" म्हटलं, पण इतकं हळू की तिने पुन्हा विचारलं. मग मोठ्याने म्हटलं.

तिने पोलिसांना बोलावलं. मी तिला थांबवलं नाही.

आता आम्ही मंडळातल्या नीलांबरीकाकूंकडे आहोत. पोलिसांनी सोबत येऊन आमचे कपडे आणि पासपोर्ट घेऊ दिले. नेत्राला पहिल्या रात्री झोप नव्हती, काल मात्र ती काकूंच्या स्वयंपाकघरात मोठमोठ्याने गात होती. सोमवारी एका संस्थेची वकीलबाई भेटणार आहे.

शैलेंद्र म्हणायचा, ही सगळी बचत नागपुरात तुम्हाला लिफ्टवालं घर घ्यायला आहे. "तुला आईचं सुख बघवत नाही का?" तिथे माझं तोंड बंद व्हायचं. तुम्ही ते घर मागितलं होतं की नाही, मला माहीत नाही. मागितलं असेल तरी असं नाही, एवढं मी तुम्हाला ओळखते.

हे पत्र पोचायच्या आधीच त्याचा फोन आला असेल. मी त्याला पोलिसांच्या ताब्यात दिलं, असं तो म्हणाला असेल. ते खोटं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला सोडलं, पण मी त्या घरी परत जाणार नाही.

नेत्राला तिची आजी हवी आहे. काकूंचा नंबर पाठीमागे लिहिलाय. रागावून केलात तरी चालेल, पण फोन करा.

अजून तरी तुमचीच सून,
उल्का