खोक्यातला नंदी

अहो,

आज तान्हा पोळा. तुमच्या कपाटातला लाकडी नंदी मी खोक्यातून काढला आहे. गुंजन तो घेऊन शाळेच्या मैदानावर निघाली, मी तिच्यासोबत आहे. वरण-भात झाकून ठेवला आहे.

खोकं शाबूत असलं की खेळण्याचा भाव वाढतो, हे तुमचं बोलणं मला पाठ आहे. म्हणूनच गेल्या वर्षी मैदानावर न्यायला तुम्ही तिच्या हाती खोक्यासकट नंदी दिलात. बाकी पोरांचे सजवलेले बैल, आणि आपली पोरगी खोकं पोटाशी धरून उभी. शेजारच्या मंगलाबाई म्हणाल्या, "काहून वं गुंजन, बैल बिमार हाय का? आतच झोपून राहिला!" तुम्हीही हसलात. ती त्या दिवशी जेवली नाही, ते मात्र तुम्हाला दिसलं नाही.

तुम्ही जमवलेल्या खेळण्यातल्या मोटारी खुशाल खोक्यात ठेवा, मी हात लावणार नाही. पण नंदी सिहोऱ्याच्या मामाने तिला दिला होता. तो तुमच्या कपाटात कसा गेला, हे मी चारचौघांत विचारणार नाही.

खोकं फाडलेलं नाही. शिंगं मात्र तिने सोनेरी रंगवली आहेत, तो रंग आता निघत नाही. राग आला तर घरी बसू नका, मैदानावर या. ती रांगेत उभी राहून तुमचीच वाट बघणार आहे.

हर्षा